पहिल्या बाळंतपणाची फाइल

करमाळा तालुक्यातलं केम उत्तरेश्वराच्या देवळासाठी ओळखलं जातं आणि त्याहून जास्त कुंकवासाठी. हळदीपासून कुंकू करणारे इथले कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. गाव दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर असल्यामुळे माल लांबवर जातो. ओटी भरायला कुंकू लागतं, डोहाळजेवणालाही लागतं. पण डोहाळजेवण बहुतेक घरांत एकदाच होतं, पहिल्या खेपेला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावरचं कौतुक हे सगळं पहिलटकरणीच्या वाट्याचं. दुसऱ्या खेपेला बाई सातव्या महिन्यातही थोरल्याला कडेवर घेऊन घरचं पाणी भरते, आणि "आता काय नवीन आहे का?" म्हणत घर आपापल्या कामाला लागतं.

पहिलं बाळंतपण सुरळीत झालं असेल तर या निर्धास्तपणाला थोडा तरी आधार असतो. पण जिचं बीपी आठव्या महिन्यात एकाएकी चढलं, जिला झटके आले, जिचं घाईघाईनं सिझर करावं लागलं, वार अडकून जिचं रक्त वाहत राहिलं, किंवा जिचं बाळ दिवस भरण्याआधीच येऊन काचेच्या पेटीत राहिलं, तिच्यासाठी दुसरी खेप वेगळी असते. पहिल्या वेळी काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. आता सगळं ठाऊक आहे. आणि घराचं लक्ष नेमकं याच वेळी कमी झालेलं असतं.

यात आपल्याकडची एक रीत भर घालते. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. रीत मायेची आहे. पहिल्या वेळी आईचा हात जवळ हवा, हे तिच्यामागचं शहाणपण आजही खोटं ठरलेलं नाही. पण केमसारख्या गावात सुना परांड्याच्या, भूमच्या, जामखेडच्या, इंदापूरच्या असतात. तालुकाच काय, जिल्हाही बदलतो. पहिल्या वेळी ज्या डॉक्टरांनी रात्रभर झुंज दिली ते माहेरगावचे. बीपीचे आकडे, सिझरचं कारण, दिलेल्या रक्ताच्या पिशव्या हे सगळं ज्या फाइलीत आहे, ती फाइल माहेरच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून असते. दुसऱ्या वेळी केमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना सिस्टर विचारतात, "पहिल्या वेळी काही त्रास?" बाई सांगते, "बीपी वाढलं होतं म्हणे." या 'म्हणे'वर पुढचे सात महिने उभे राहतात.

त्या फाइलीतला प्रत्येक आकडा पुढच्या खेपेचा एकेक निर्णय ठरवतो. बीपी वाढलं होतं एवढं पुरत नाही. ते कितव्या आठवड्यात वाढलं? लघवीत प्रथिनं जात होती का? झटका आला होता का? बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं आणि वजन किती होतं? नवव्या महिन्याच्या शेवटी थोडं चढलेलं बीपी आणि सातव्या महिन्यात बाळ बाहेर काढायला लावणारं बीपी, दोन्हींना घरात एकच नाव असतं. पुढच्या खेपेसाठी त्यांचा अर्थ मात्र फार वेगळा आहे.

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जाणं आणि त्याबरोबर लघवीत प्रथिनं उतरणं किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या पेशी यांवर परिणाम दिसणं, याला प्रीएक्लॅम्प्शिया म्हणतात. त्याचं मूळ वारेत असतं. वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडतं आणि त्याचे परिणाम आईच्या सगळ्या अंगात उमटतात. हा आजार मुख्यतः पहिलटकरणींचा. स्वीडनमधल्या साडेसात लाखांहून अधिक बायकांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पहिल्या खेपेत हा आजार सुमारे चार टक्के बायकांना झाला होता, पुढच्या खेपांत दोन टक्क्यांहूनही कमी जणींना. पण ज्यांना तो पहिल्या वेळी झाला होता, त्यांच्यापैकी जवळजवळ पंधरा टक्के जणींना दुसऱ्या वेळीही झाला.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. सात जणींतल्या साधारण एकीला आजार परत गाठतो, म्हणून पाळत हवी. सहा जणींना तो परत होत नाही. ज्या बाईला नात्यागोत्यात सगळ्यांनी "आता पुन्हा धाडस करू नकोस" असं सांगून घाबरवलेलं असतं, तिला हे दुसरं वाक्यही कुणीतरी सांगायला हवं. पहिल्या वेळी आजार फार लवकर आला असेल तर धोका या सरासरीहून जास्त असतो. म्हणून तर आठवडा महत्त्वाचा, म्हणून फाइल महत्त्वाची.

आणि आता करता येण्याजोगं काहीतरी आहे. लंडनच्या डॉ. किप्रोस निकोलाइडिस यांच्या गटानं केलेली ॲस्प्री ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जास्त धोका असलेल्या बायकांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री दीडशे मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा दिवस भरण्याआधी उद्‌भवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्शियाचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. डोकेदुखीवरची ही स्वस्त, जुनी गोळी. ती स्वतःच्या मनानं सुरू करायची नाही, डॉक्टरांनी इतिहास पाहून द्यायची. पण ती परिणामकारक ठरायची तर सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी.

इथे दुसरी रीत आडवी येते. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नजर लागू नये म्हणून, पोट टिकेल की नाही याची धाकधूक असते म्हणून. पहिल्या वेळी पोळलेली बाई तर आणखीच गप्प राहते. जाऊबाईलाही सांगत नाही, आशाताईंनाही नाही. चौथा सरता सरता ती तपासणीला येते, तेव्हा ॲस्पिरिन सुरू करण्याची वेळ निसटत आलेली असते. गल्लीला कळायची गरज नाही. पण पाळी चुकली की आशाताईंना आणि डॉक्टरांना कळायला हवं. रीत मोडायची नाही, तिच्यात दोन माणसांची सवलत तेवढी काढायची.

कॅल्शियमचंही तसंच. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं, त्या गर्भारणींना ते वरून दिल्यानं प्रीएक्लॅम्प्शियाचा धोका कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरकारी केंद्रात पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या मोफत मिळतात, चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन. लोहाच्या गोळीबरोबर मात्र त्या एकदम गिळायच्या नाहीत, मध्ये दोनेक तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह अंगी लागत नाही. केंद्रांवरून गोळ्यांची पाकिटं घरी जातात. ही एक ओळ मात्र बऱ्याचदा मागे राहते.

झटक्यांच्या उपचारात सोलापूरचं स्वतःचं नाव आहे, आणि ते जिल्ह्यातच फारसं कुणाला ठाऊक नाही. गर्भारपणातले झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध जगभर वापरतात. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीनं २००२ मध्ये दाखवून दिलं, की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहूनही कमी होतो. पण त्याची रूढ मात्रा अमेरिकेतल्या डॉ. प्रिचर्ड यांच्या पद्धतीतून आलेली, तिकडच्या अंगापिंडाच्या बायकांवर बेतलेली. औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत वापरून पाहिली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतही या वाटेनं अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अजून पूर्ण मात्रेचीच आहे, वाद मिटलेला नाही. पण आपल्या वॉर्डात येणारी बाई किती वजनाची आहे हा प्रश्न सोलापुरात विचारला गेला, याचं मोल मोठं आहे.

पहिल्या वेळच्या दुःखातून दुसऱ्या वेळचा उपाय काढणारा आणखी एक माणूस आपलाच. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्याकडे अशा बायका येत, ज्यांचं पोट दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येताच रिकामं होई. विश्रांती देऊन, औषधं देऊन काही फरक पडत नसे. पिशवीचं तोंड वजन पेलू शकत नाही, हे त्यांनी ओळखलं. मांडीतल्या स्नायूंवरच्या पडद्याची पट्टी काढून ती पिशवीच्या तोंडाभोवती आवळून बांधण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली आणि १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात मांडली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी तिचं सोपं रूप काढलं. 'शिरोडकर टाका' हे नाव आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत मराठी आडनावासकट उच्चारलं जातं.

हा टाका साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात घालतात, आणि तो कुणाला घालायचा हे मुख्यतः मागच्या खेपेच्या हकिकतीवरून ठरतं. कळा आधी आल्या की पाणी आधी गेलं? रक्त गेलं का? बाळ जिवंत जन्मलं का? बाईला हे आठवत असतं. आपल्याकडे ते तिला सविस्तर विचारलं जात नाही, कारण जे गेलं त्याचा विषय काढू नये असं घरातल्यांना वाटतं. ते बाळ मोजणीतही धरलं जात नाही. मग दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईला लोक पहिलटकरीणच म्हणतात, आणि तीही मान डोलावते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र जी-२, पी-१, एल-० असं लिहिलेलं असतं. दोनदा दिवस गेले, एक बाळंतपण झालं, हयात मूल नाही. घरानं न मोजलेलं बाळ त्या एका ओळीत मोजलेलं असतं, आणि पुढच्या बाळाची काळजी त्याच्याच हकिकतीवरून घेतली जाते.

सिझर झालेल्या बाईपुढचा प्रश्न निराळा. एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर, ही समजूत अमेरिकेतल्या डॉ. क्रॅगिन यांच्या १९१६ च्या भाषणापासून चालत आलेली आहे. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत, आणि तो पुढच्या वेळी कळांच्या जोरानं उकलण्याची भीती मोठी असे. आता खालच्या भागात आडवा छेद घेतात. असा एकच छेद असेल तर कळा आल्यावर तो उकलण्याचा धोका दोनशेत एक असा धरतात, आणि अनेक बायका दुसऱ्या वेळी नीट मोकळ्या होऊ शकतात. पण हे करून पाहायचं तर त्याच इमारतीत शस्त्रक्रियेची सोय, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त हवं. केमच्या आरोग्य केंद्रात हे शक्य नाही. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही, ते फाइलीतच लिहिलेलं असतं. शिवाय जुन्या व्रणावर वार रुजली तर ती खोल शिरते आणि सुटत नाही. म्हणून वार कुठे आहे हे सोनोग्राफीत नीट पाहून घ्यायला हवं. ती खाली आणि व्रणावर असेल तर बाळंतपण रक्तपेढी आणि जाणते सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं, आणि तारीख आधी ठरलेली हवी.

केमहून मोठ्या रुग्णालयाच्या वाटा चारी दिशांना फुटतात. करमाळ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. रेल्वेनं ढवळस ओलांडलं की कुर्डुवाडी, तिथून रस्त्यानं बार्शी. आणि सगळ्यात शेवटी सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. जिचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं, तिनं कळा सुरू झाल्यावर यातली दिशा निवडायची नसते. आधी जवळच्या ठिकाणी, तिथून "पुढं न्या", मग आणखी पुढं, अशा फेऱ्यांत तास जातात. मातामृत्यूंचा अभ्यास करणारे ज्या तीन विलंबांबद्दल बोलतात, ते म्हणजे निर्णयाला, पोचण्याला आणि उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ. दुसऱ्या खेपेत यातले पहिले दोन तरी आधीच मिटवता येतात, कारण इथे आजार आगाऊ सांगून ठेवलेला आहे. आठव्या महिन्यातच ठिकाण ठरवायचं, रक्तगट जुळणारी दोन माणसं सांगून ठेवायची, १०८ यायला उशीर झालाच तर कुणाची गाडी हे मालकांनी नक्की करायचं.

सरकारी पातळीवर चौकट आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कार्डावर रंगीत खूण लावतात. हिरवी म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे अतिजोखमीची, निळी बीपीची, पिवळी मधुमेह किंवा थायरॉइडसारख्या सोबतच्या आजारांची. २०२२ पासून अतिजोखमीच्या बायकांना तीन जादा तपासण्या आणि बाळंतपणानंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत पाठपुरावा असा विस्तार झाला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, येण्याजाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे.

एका ठिकाणी मात्र ही चौकट कमी पडते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात आणि दुसऱ्यासाठी सहा हजार, पण दुसरी मुलगी झाली तरच. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण हे पैसे बुडालेल्या रोजंदारीची भरपाई म्हणूनही असतात. पहिल्या वेळी झटके येऊन गेलेल्या, शेतात रोजानं जाणाऱ्या बाईला विश्रांतीची गरज पोटात मुलगा असला तरी तेवढीच असते. निदान अतिजोखमीची लाल खूण असलेल्या कार्डासाठी तरी ही अट काढायला हवी.

दुसऱ्या खेपेची तयारी दिवस राहण्याआधीच सुरू होते, हे सगळ्यात कमी बोललं जातं. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझरचा व्रण भरायला, रक्त भरून यायला हा अवधी लागतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तरीही पहिलं बाळ दगावलं की "लगेच दुसरं होऊ द्या, दुःख विसराल" हा सल्ला गावोगाव दिला जातो. पहिली मुलगी असेल तर आणखी घाईनं. अंतर ठेवायला तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, हार्मोन नसलेली छाया गोळी, तांबी ही साधनं आरोग्य केंद्रात मोफत असतात. ज्यांचं बीपी बाळंतपणानंतरही उतरलेलं नाही, त्यांना यातलं प्रत्येक साधन चालत नाही. तेव्हा निवड डॉक्टरांना विचारूनच करायची. याच काळात बीपी आणि शुगर तपासून घ्यायची. पहिल्या गर्भारपणात शुगर वाढलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना ती दुसऱ्या वेळी पुन्हा सतावते, म्हणून पुढच्या खेपेत पहिल्याच भेटीत साखरेची तपासणी होते आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा.

या सगळ्या आकड्यांच्या तळाशी भीती असते. ज्या बाईनं शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न "बाळ कुठंय?" असा विचारला आणि जिला तीन दिवस बाळ दाखवलं नाही, तिला दवाखान्याचा वास आला तरी पोटात कालवतं. बीपी मोजायला पट्टा आवळला की छाती धडधडते आणि आकडा चढतो. आपल्याकडे यावर "मन घट्ट कर" एवढंच औषध असतं. तिची भीती रास्त आहे, हे आधी मान्य करायला हवं. काय झालं, का झालं आणि या वेळी काय वेगळं करणार, हे जाणत्या डॉक्टरांनी वीस मिनिटं बसून समजावलं तर त्या भीतीला तोंड देता येतं. झोपच उडाली, रडू आवरेना, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सची गोष्ट या बाबतीत उपयोगी आहे. २०१७ मध्ये पहिल्या मुलीच्या वेळी तिचं तातडीचं सिझर झालं. दुसऱ्या दिवशी श्वास लागला. आपल्याला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या हे तिला माहीत होतं. तिनं ते परिचारिकेला सांगितलं, स्कॅनचा आग्रह धरला, आणि गुठळ्या सापडल्या. दुसरी मुलगी २०२३ मध्ये झाली. पैसा आणि कीर्ती केमच्या सुनेकडे नाही. पण स्वतःच्या शरीराचा इतिहास तोंडपाठ असणं आणि तो पुन्हा पुन्हा सांगणं हे तिलाही जमण्यासारखं आहे, सासूबाईंनी आणि नवऱ्यानं साथ दिली तर.

साथ द्यायची म्हणजे निश्चित कामं करायची. नवऱ्यानं एकदा सासुरवाडीला जाऊन ती फाइल आणायची. हरवली असेल तर त्या रुग्णालयात जाऊन डिस्चार्ज कार्डाची प्रत मागायची, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. सासूबाईंनी लक्षणं ध्यानात ठेवायची. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर सूज, बाळाची हालचाल कमी होणं. पाय सुजणं एकटं असेल तर बहुधा साधं असतं. बाकीचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

आणि बाळंतपण झालं म्हणजे संपलं असं नाही. बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही चढतं, झटके तेव्हाही येतात. ज्या बायकांना प्रीएक्लॅम्प्शिया झाला होता, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, म्हणून त्यांचं बीपी वर्षातून एकदा तरी मोजायला हवं. दीड महिन्यानं बाळाला लसीसाठी केंद्रात नेतात तेव्हा आईही तिथेच बाकावर बसलेली असते, आणि बीपीचं यंत्रही तिथेच टेबलावर असतं. तपासणी बाळाची होते. माता आणि बाल संरक्षण कार्ड दोघांचं मिळून एकच आहे. त्या दिवशी आशाताईंनी किंवा सिस्टरनी आईचंही बीपी मोजून त्याच कार्डावर लिहावं. कुणी विसरलं तर आईनंच ते मागून घ्यावं.